१०:११चा पाहुणा

१

बुधवारी सव्वाचार वाजता आजाऱ्याची देखभाल करणाऱ्या मावशी केमिस्टकडून औषधं घेऊन परत आल्या, तेव्हा कानसेनकाका नेहमीसारखे खुर्चीत बसलेले होते. कानांवर हेडफोन, समोर स्क्रीन चालू, नाकाला ऑक्सिजनची नळी. फक्त नळीतून काही येत नव्हतं, आणि ते कधीपासून येत नव्हतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी पोचलो साडेचारला. मी लिफ्ट दुरुस्त करतो आणि दर बुधवारी साडेचारला त्या बिल्डिंगच्या लिफ्टची तपासणी असते. लोक लिफ्टमध्ये अडकले की मला देव मानतात, सुटले की शिव्या घालतात, त्यामुळे माणूसजातीबद्दल माझं मत बरं नाही. कानसेनकाका त्याला अपवाद होते. त्यांनी मला पहिल्याच भेटीत शिव्या घातल्या होत्या. माझी लिफ्ट वर निघाली की त्यांच्या रेडिओत करवत चालल्यासारखा आवाज यायचा. मी लिफ्टच्या पॅनेलला फिल्टर लावून दिला, त्यांनी मला चहा पाजला, आणि मग सहा वर्षं आमचा बुधवारचा चहा चुकला नाही.

त्या दिवशी मावशी जिन्यातच भेटल्या. भिंतीला हात लावून उभ्या होत्या.

"दादा, वर जा. काका गेले," एवढंच म्हणाल्या.

काकांची खोली सगळ्यात मागची. खोलीच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये ऑक्सिजनचं मशीन ठेवलेलं असायचं, कारण त्याची घरघर काकांना सोसत नसे. नळी तिथून निघून जेमतेम त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचायची. मी पाहिलं तर मशीन बंद होतं. त्याचा प्लग जमिनीवर पडला होता आणि त्या जागी, मशीनच्या सॉकेटमध्ये, कपड्यांची इस्त्री लावलेली होती.

खोलीत काही बदललं नव्हतं. गच्चीवरून खिडकीतून आत आलेली तार, तिच्या टोकाला अंगठ्याएवढी डबी, डबीतून कॉम्प्युटर. भिंतीवर ते घड्याळ, जे साडेपाच तास मागे चालायचं आणि ज्याला काका कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. टेबलावर नोंदवही, चहाचा थर्मास आणि दोन कप. दोन्ही कोरडे.

तासाभरात फौजदार बाई आल्या. पन्नाशीच्या, गुडघेदुखीनं बेजार, चार मजले चढून आलेल्या, कारण लिफ्ट मी बंद करून ठेवली होती. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की गुन्हेगार सापडलाच. मग त्या इस्त्रीकडे वळल्या.

"ही कुणी लावली?"

"मी आज इस्त्रीला हातसुद्धा लावला नाही," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात ऑफिसातून काकांचा मुलगा आला. ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे, तरी त्याला धाप लागली होती. तो वडिलांकडे पाहून आला, पॅसेजमध्ये थांबला, सॉकेट पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, किती वेळा सांगितलं होतं, तो प्लग काढत जाऊ नका."

वही मिटून फौजदार बाई मावशींना म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

२

मावशींना मी सहा वर्षं ओळखत होतो. नवरा नाही, एक मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मावशींच्या हातून रुग्ण दगावला असं कागदावर आलं, तर तुरुंग तर होताच, पण त्यांना कुणी पुन्हा आजाऱ्याच्या उशाशी उभं केलं नसतं. मुलीचीही नोकरी सुरू होण्याआधीच संपली असती. रात्रभर माझ्या डोक्यात तेच होतं, आणि दुसऱ्या दिवशी फौजदार बाईंनी मला जबाबाला बोलावलं तेव्हा मी थोडा चढ्या आवाजातच बोललो.

"मॅडम, मशीनची वीज गेली तर ते केकाटतं. कानठळ्या बसतात. मावशींनी चुकून प्लग काढला असता तर त्यांना तेव्हाच कळलं असतं."

"केकाटायला त्यात बॅटरी लागते," त्या म्हणाल्या. "ती संपलेली होती. आम्ही पाहिलं."

"शक्य नाही. बारा दिवसांपूर्वी मी स्वतः नवी घातली होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. अर्ध्या तासात आम्ही दोघं त्या पॅसेजमध्ये होतो. मी मशीनच्या मागचं झाकण उघडलं. आत चौकोनी बॅटरी होती, पण ती माझी नव्हती.

हे मी छातीठोकपणे सांगू शकलो, कारण आमच्या धंद्यात एक सवय असते. लिफ्टमध्ये जी वस्तू बदलायची तिच्यावर काळ्या मार्करनं तारीख टाकायची. उद्या लिफ्ट पडली तर निदान वस्तू किती जुनी होती ते कळावं. ही सवय आता हाडीमाशी इतकी खिळली आहे की घरच्या दुधाच्या पिशवीवरही मी तारीख टाकतो आणि बायको हसते. या बॅटरीवर तारीख नव्हती.

"तुमची कुठं गेली मग?"

मी विचार केला. घरात तसली बॅटरी लागणारी वस्तू एकच होती. काकांच्या टेबलाच्या खणात त्यांचा मीटर होता, तारा तपासायचा. मी त्याचं मागचं झाकण काढलं. आत माझ्या अक्षरात तारीख होती.

म्हणजे कुणीतरी मीटरमधली मेलेली बॅटरी मशीनमध्ये घातली होती आणि मशीनमधली ताजी मीटरमध्ये. चुकून होणारं हे काम नव्हे. कुणीतरी आधी मशीन मुकं केलं, मग त्याचा प्लग काढला, आणि वर इस्त्री लावून ठेवली, म्हणजे सगळ्यांचं बोट मावशींकडे जाईल. मला वाटलं, सुटल्या मावशी.

फौजदार बाईंनी बॅटरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"लिफ्टवाले," त्या शेवटी म्हणाल्या, "दिवसभर या घरात म्हाताऱ्याबरोबर एकटं कोण असतं? त्या बाईच ना. काल माझ्याकडे निष्काळजीपणा होता. आज तुम्ही मला खून आणून दिलात."

३

मी स्वतःला मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मदत करायला गेलो आणि मावशींच्या गळ्याला फास लावून आलो. फौजदार बाईंच्या ते लक्षात आलं असावं. "मला बिल्डिंगची माहिती हवी आहे, तुम्ही चला बरोबर," असं म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं.

खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर. त्यांचं आणि काकांचं गच्चीवरच्या तारेवरून सहा वर्षं हाडवैर. त्यांनी ती तार दोनदा कापली होती.

"मी बुधवारी दुपारी दवाखाना बंद ठेवतो," डॉक्टर म्हणाले. "घरी झोपलो होतो."

"साक्षीला कोण?"

"झोपेला साक्षीदार बोलवायची माझी पद्धत नाही."

हा खोटं बोलतोय हे मलाही कळलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मुलगा वर त्याच्या खोलीत होता. बायको आणि लहान मुलगी आधीच परदेशी गेल्या होत्या. गेल्या महिन्यात तो तिकडे मुलाखतीला जाऊन आला होता आणि तिथल्या ऑफिसात त्याला पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. भिंतीशी खोकी रचलेली. लॅपटॉपवर तो विम्याचा कुठलासा अर्ज भरत होता.

"बुधवारी मी ऑफिसमध्येच होतो," तो म्हणाला. "आमच्या मजल्यावर बुधवारी जेवणानंतर कुणी नसतं, पण पावणेचार ते चार पाच माझी तिकडच्या लोकांबरोबर मीटिंग होती. सहा जणांनी मला स्क्रीनवर पाहिलंय. थांबा, निमंत्रण दाखवतो."

त्यानं लॅपटॉप आमच्याकडे वळवला. वळवताना चार्जरची पिन निसटली आणि स्क्रीन काळी पडली.

"बॅटरी मेलीय याची," तो ओशाळून म्हणाला. "प्लगशिवाय मिनिटभर चालत नाही. तिकडे नवा मिळणार म्हणून दुरुस्त केला नाही."

सहा जण खरंच होते. फौजदार बाईंनी एकेकाला फोन लावला. तीन अठ्ठेचाळीसला त्यानं अर्धा मिनिट कॅमेरा बंद केला होता, पाणी प्यायला, बाकी सगळा वेळ तो समोर होता.

मग आम्ही मावशींना भेटलो. एका दिवसात त्यांचे गाल बसले होते.

"दर बुधवारी मी तीनला औषधं आणायला जाते. केमिस्टच्या रांगेत अर्धा-पाऊण तास जातो. जाताना काकांना दुपारची गोळी दिली, त्यानं त्यांना गुंगी येते. मशीन चालू होतं, मी नळीला हात लावून पाहिलं. रोज पाहते."

"आणि दोन कप कुणासाठी काढले होते? कोण येणार होतं?"

"मी एकच काढते, बाई. दुसरा काका स्वतः काढायचे. मी सहाला घरी जाते, आणि रोज सकाळी येते तेव्हा टेबलावर दोन कप असतात. एक वापरलेला आणि एक कोरडा."

"रोज पाहुणा यायचा आणि चहा न पिता जायचा?"

बाहेर आल्यावर फौजदार बाई म्हणाल्या, "बाई काहीतरी रचून सांगतेय."

पण 'पाहुणा' हा शब्द ऐकून मला काहीतरी आठवलं होतं. काकांच्या नोंदवहीतली शेवटची ओळ मी त्या दिवशी उभ्या उभ्या वाचली होती. तिच्यात तोच शब्द होता.

४

"त्या डबीनं नेमकं होतं काय?" काकांच्या खुर्चीत बसताना फौजदार बाईंनी विचारलं.

मी काकांच्याच भाषेत सांगितलं. जुन्या रेडिओत काटा एका वेळी एकाच स्टेशनवर असतो. ही डबी हवेतला अख्खा पट्टा उचलून कॉम्प्युटरला देते आणि त्यातलं काय ऐकायचं ते कॉम्प्युटर निवडतो. शिवाय सगळा पट्टा दिसतोही. स्क्रीनवर वरून खाली रंग ओघळत येतो, काका त्याला धबधबा म्हणायचे. प्रत्येक स्टेशन म्हणजे त्यातली एक उभी रेघ. स्टेशन बंद झालं की रेघ तुटते. समुद्रापलीकडचं हवामान सांगणारं स्टेशन, कुठल्या तरी बोटीची टकटक, कुणाला माहीत नसलेल्या भाषेतलं गाणं, सगळं काका त्या खुर्चीत बसून पाहायचे आणि ऐकायचे. फुप्फुसं गेल्यापासून त्यांना चार पावलं चालवत नव्हती, पण फिरायचे ते आमच्यापेक्षा जास्त.

"आणि मुख्य गोष्ट म्हणजे हा सगळा पट्टा साठवता येतो," मी म्हणालो. "काका दुपारचा पट्टा रोज साठवायचे. काल जे ऐकायचं राहिलं ते आज परत जाऊन ऐकता येतं."

"म्हणजे बुधवारची दुपार यात आहे?"

"असायला हवी. पण मॅडम, नुसती स्टेशनं नाहीत यात."

मी नोंदवहीचं शेवटचं पान उघडलं. त्या पानावर काकांनी बिल्डिंगमधल्या उपद्रवांची यादी केली होती. विजेची प्रत्येक वस्तू हवेत थोडी घाण टाकते, आणि ती घाण रेडिओत रेघा बनून येते. कुणाची रेघ कशी, ते काकांना तोंडपाठ होतं. 'लिफ्ट: करवत. आता सुधारली.' 'दात: कॉम्प्रेसर, जाड पट्टा.' 'ऑक्सिजन: केसाएवढी रेघ, रिंगा लावल्यापासून.' त्या लोखंडी रिंगा मीच मशीनच्या वायरवर चढवून दिल्या होत्या.

फौजदार बाईंना ते क्षणात समजलं. "म्हणजे मशीन कधी बंद झालं ते दिसेल?"

मी शेवटची फाइल लावली. धबधबा ओघळू लागला. आधी जाड पट्टा दिसला, डॉक्टरांचा कॉम्प्रेसर. "घरी झोपला होता म्हणे," बाई पुटपुटल्या. त्यांनी खालच्या मजल्यावर हवालदार पाठवला. डॉक्टरांनी कबूल केलं की त्या वेळी ते सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या कवळीचं माप घेत होते आणि ते कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता. बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त दात दाखवणारा माणूस बोळका निघाला. त्या घाणेरड्या दिवसांत मी एकदाच हसलो ते तेव्हा. कॉम्प्रेसर थांबलाच नव्हता, म्हणजे डॉक्टर त्या खुर्चीपासून हलले नव्हते.

केसाएवढी रेघ डाव्या बाजूला सरळ उतरत होती. आम्ही दोघं वाकून पाहत होतो. आणि मग ती तुटली, एखाद्यानं कात्रीनं दोरा कापावा तशी. पुढे नुसता काळोख.

काका गेले ती जागा मी बोटानं दाखवू शकत होतो.

"वेळ?" बाईंनी विचारलं.

मी कोपऱ्यातले आकडे वाचले आणि वाचून पस्तावलो. दहा अठरा.

सकाळी दहा अठराला मुलगा ऑफिसात होता, सगळ्या मजल्यासमोर. घरात मावशी एकट्या होत्या. आणि त्यांनी सांगितलं होतं की एक वाजता त्यांनी काकांना जेवू घातलं.

५

फौजदार बाई उठल्या. त्यांना आनंद झाला नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

"दहा अठराला मशीन बंद, आणि एक वाजता जेवण? मेलेल्या माणसाला?" त्या म्हणाल्या. "संपलं, लिफ्टवाले. मी तुमच्या मावशींवर उद्या खुनाचा गुन्हा दाखल करते."

मी तिथंच बसून राहिलो. काकांचा राग आला मला. सहा वर्षं चहा पाजला आणि मरताना असला पुरावा ठेवून गेले. रागानं मी भिंतीकडे पाहिलं आणि तिथं ते घड्याळ होतं, साडेपाच तास मागे.

मी कधी विचारलं नव्हतं. एकदा मावशींनी ते पुसताना बरोबर लावून ठेवलं होतं, तर काका दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. "जगाचं घड्याळ आहे ते," एवढंच म्हणाले होते. मला वाटलं, म्हातारपणाचा चक्रमपणा.

"मॅडम, थांबा," मी म्हणालो. "दवाखाना बुधवारी सकाळी चालू असतो की बंद?"

"सकाळी चालू. पण सेक्रेटरीचं माप दुपारी घेतलं. साडेतीन ते चार. दोघंही तसंच म्हणतात."

"मग या फाइलमध्ये त्या मापाचा कॉम्प्रेसर कुठल्या वेळेला चालतोय?"

त्या परत स्क्रीनवर वाकल्या. नऊ सत्तावन्न ते दहा पस्तीस.

"दूरदेशी स्टेशनं ऐकणारी माणसं आपल्या घड्याळावर चालत नाहीत," मी म्हणालो. हे मला त्या क्षणी कळत होतं आणि मी ते ठाऊक असल्यासारखं सांगत होतो. "प्रत्येक देशाची वेळ वेगळी, मग नोंदी जुळणार कशा? म्हणून सगळे एकच वेळ धरतात, सगळ्या जगाची. ती आपल्याहून साडेपाच तास मागे आहे. भिंतीवर ती, कॉम्प्युटरवर ती आणि वहीतही ती. दहा अठरा म्हणजे दुपारचे तीन अठ्ठेचाळीस."

तीन अठ्ठेचाळीसला मावशी कुठं होत्या, ते त्यांच्या औषधाच्या पिशवीतल्या पावतीवर छापलेलं होतं. तीन त्रेपन्न, आणि केमिस्ट वीस मिनिटांच्या अंतरावर.

फौजदार बाई खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबले. "बरं," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या त्या पाहुण्याचं बघू."

वहीतल्या शेवटच्या ओळीत '१०:११ पाहुणा' असं लिहिलं होतं. पुढे आणखी काही बारीक अक्षरं होती, पण हात इतका कापलेला की ती लागत नव्हती. मी मागची पानं चाळली. पाहुणा जवळजवळ रोज होता. '१३:१५ पाहुणा.' '१३:२२ पाहुणा.' रविवारी सकाळीच, '५:०० पाहुणा.' स्टेशनं ठरल्या मिनिटाला सुरू होतात. हे स्टेशन रोज वेगळ्या मिनिटाला यायचं, आणि रविवारी सुट्टी असल्यासारखं सकाळीच.

"हे स्टेशनच नाही," मी म्हणालो, आणि शेवटचं पान उघडलं. उपद्रवांच्या यादीत अगदी तळाशी होतं: 'पाहुणा: कंगवा.' पुढे कुणाचं नाव नाही.

मी फाइल मागे नेली. दहा वाजून अकरा मिनिटांनी धबधब्यात एकदम सारख्या अंतरावरच्या पंधरा-वीस रेघा उमटल्या होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या. दहा छत्तीसला त्या नाहीशा झाल्या.

"या बिल्डिंगमधला कुठला तरी प्लग आहे हा," मी म्हणालो. "रोज संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला लागतो."

बाई पानं उलटत होत्या. त्या एका पानावर थांबल्या. सलग आठ दिवस काकांनी लिहिलं होतं, 'पाहुणा नाही.' 'पाहुणा नाही.' 'पाहुणा नाही.'

"गेल्या महिन्यात," त्या सावकाश म्हणाल्या, "परदेशात मुलाखतीला कोण आठ दिवस गेलं होतं?"

६

शुक्रवारी सकाळी फौजदार बाईंनी मुलाला सांगितलं की मीटिंगचं निमंत्रण छापून हवं आहे. तो त्याच्या खोलीत गेला. आम्ही काकांच्या खोलीत बसलो होतो, दार उघडं, स्क्रीन चालू. भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग धबधब्यात कंगवा उमटला.

मी बुधवारची फाइल शेजारी लावली. प्रत्येक चार्जरच्या रेघा थोड्या वेगळ्या जागी पडतात, आणि तापत जाईल तशा सरकतात. दोन्हीकडचा दात न् दात जुळत होता.

"साहेब," बाईंनी हाक मारली, "जरा इकडे येता?"

तो दारात आला. उंबऱ्यावरच थांबला. मला जाणवलं की काका जिवंत असताना सहा वर्षांत या खोलीत मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

"बसा," बाई म्हणाल्या. "तुमच्या लॅपटॉपला प्लग लागतो. बुधवारी तीन एक्केचाळीसला तो प्लग इथं, या घरात लावला होता. चार सहाला काढला. मीटिंग तुम्ही तुमच्या खोलीतून केलीत. तीन अठ्ठेचाळीसला अर्धा मिनिट कॅमेरा बंद केलात, पॅसेजमध्ये जाऊन मशीनचा प्लग काढलात, इस्त्री लावलीत आणि परत जाऊन बसलात. ऑफिसचा फोन आणि घरचा फोन एकाच टॉवरवर येतो, त्यामुळे आम्हाला ते कळलं नसतं. मीटरची बॅटरी कधी बदललीत ते तुम्हीच सांगा."

"हे कशावरून?" त्यानं विचारलं.

बाईंनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "मीटिंगमध्ये तुमच्या मागे भिंत कुठली होती ते तुम्ही झाकलंत. चार्जर झाकता आला नाही."

तो स्क्रीनकडे पाहत राहिला. त्या रेघा म्हणजे तो आहे हे त्याला कळायला वेळ लागला. माझ्या मनात आलं, हा एकदा जरी या खुर्चीशेजारी बसला असता, एकदा जरी 'बाबा, हे काय दिसतंय?' असं विचारलं असतं, तर त्याला हे माहीत असतं आणि तो कधीच पकडला गेला नसता. पण तसं बसणाऱ्या मुलानं हे केलं नसतं.

"रविवारी," तो शेवटी म्हणाला. "बॅटरी रविवारी बदलली. मावशी त्यांना अंघोळीला घेऊन गेल्या होत्या." मग माझ्याकडे वळून, "विमानात त्यांना नेता येत नव्हतं. वृद्धाश्रमात जायला ते तयार नव्हते. पोरगी तिकडे रोज फोनवर रडते. मी काय करायचं होतं?"

"आणि मावशी?" मी विचारलं. "त्यांनी काय करायचं होतं?"



मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. पलीकडच्या खोलीत बाप गुदमरत असताना हा माणूस सहा जणांसमोर मान डोलवत बसला होता, पहिल्या तारखेला नक्की येतो म्हणत.

"त्यांनी काही लिहिलं होतं का?" त्यानं अचानक विचारलं. "शेवटी?"

फौजदार बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती कापरी अक्षरं मी आदल्या दिवशी खिडकीपाशी नेऊन, वही तिरकी धरून लावली होती. मी वही त्याच्यासमोर ठेवली आणि ओळीवर बोट ठेवलं.

"१०:११ पाहुणा. आज लवकर आला. कप काढला."

त्यानं टेबलाकडे पाहिलं. दोन कप अजून तिथंच होते.

"रोज," मी म्हणालो. "तुमचा प्लग लागला, रेघा उमटल्या, की ते दुसरा कप काढायचे."

"मग मला बोलवायचं ना," तो म्हणाला. "एकदा तरी बोलवायचं."

"हाक मारायला छातीत हवा नव्हती त्यांच्या. आणि दारापर्यंत चालवत नव्हतं."

फौजदार बाईंनी त्याला नेलं. लिफ्ट चालू होती, तरी तो जिन्यानं उतरला.

मावशींना दुपारी सोडलं. आपली पिशवी आणि चपला घ्यायला त्या वर आल्या, मी सोबत होतो. त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. सवयीनं टेबल पुसलं, कप उचलले, नळाखाली धरले. एक धुतला. दुसरा हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या आणि पाणी वाहत राहिलं.

"सहा वर्षं मी हा कोरडा कप धुतला, दादा," त्या म्हणाल्या. "कुणासाठी काढता, असं मीही कधी विचारलं नाही."

मीही विचारलं नव्हतं. बुधवारी साडेचारला मी त्यातूनच चहा प्यायचो.